ऑनलाईन डेटिंग क्षेत्रातील अफिलिएट मार्केटिंग : अभ्यागतांच्या स्रोतांचा तुलनात्मक अभ्यास

सारांश :
ऑनलाईन डेटिंग संकेतस्थळांना नवे सदस्य मिळवून देण्याचे काम या व्यवसायाच्या आरंभीच्या काळापासून अफिलिएट, म्हणजेच संलग्न विपणक, करीत आले आहेत. हे सदस्य कोणत्या स्रोतातून आणावेत, याचा निर्णय सामान्यतः प्रत्येक भेटीचा खर्च आणि त्यातून होणाऱ्या नोंदण्या यांच्या हिशेबाने घेतला जातो. प्रस्तुत लेखात शोधयंत्रे, समाजमाध्यमे, नेटिव्ह जाहिराती, ई-मेल, पॉप-अंडर आणि पुश सूचना या प्रमुख स्रोतांची तुलना केली आहे. मोबदला कोणत्या घटनेवर दिला जातो त्यानुसार स्रोतांचा श्रेष्ठ-कनिष्ठ क्रम बदलतो आणि खोट्या नोंदणीचा भार या क्षेत्रात अखेरीस इतर सदस्यांवर पडतो, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : अफिलिएट मार्केटिंग, ऑनलाईन डेटिंग, ट्रॅफिक, शोधयंत्र, मोबदला पद्धती, ग्राहक संरक्षण.

प्रस्तावना :
जोडीदाराच्या शोधासाठी जाहिरातीचा आधार घेणे ही काही आंतरजालाने निर्माण केलेली प्रथा नव्हे. वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींनी ही गरज दीर्घकाळ भागविली. आंतरजालाने या गरजेला संगणकीय शोधाची जोड दिली. अमेरिकेत १९९५ मध्ये मॅच डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झाले. २००० मध्ये ई-हार्मनी, २००३ मध्ये कॅनडातील प्लेंटी ऑफ फिश आणि २०१२ मध्ये टिंडर अशी ही परंपरा पुढे विस्तारत गेली.

याच काळात आंतरजालावरील विक्रीची एक नवी पद्धत रूढ झाली. अॅमेझॉन कंपनीने १९९६ मध्ये आपली असोसिएट्स योजना सुरू केली. या योजनेत स्वतंत्र संकेतस्थळ चालविणारी व्यक्ती आपल्या पानावर पुस्तकाचा दुवा देई आणि त्या दुव्यावरून खरेदी झाल्यास तिला ठरावीक दलाली मिळे. या पद्धतीलाच अफिलिएट मार्केटिंग असे म्हणतात. तिच्यात जाहिरातदार कंपनी जाहिरात दाखविण्याचे पैसे देत नाही. परिणाम साधला तरच देते. जाहिरातीचा खर्च आणि जोखीम अफिलिएट स्वतः उचलतो.

डेटिंग संकेतस्थळांना ही पद्धत विशेष सोयीची ठरली. अशा संकेतस्थळाला नव्या सदस्यांची सततची गरज असते. जोडीदार मिळालेला सदस्य निघून जातो, न मिळालेला कंटाळून जातो. म्हणजे सेवा यशस्वी होवो वा अयशस्वी, जागा रिकामी होतच राहते. ती भरण्यासाठी अभ्यागतांचा अखंड ओघ लागतो. हा ओघ कोठून येतो आणि त्याचे मूल्य कसे ठरते, हा या लेखाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) डेटिंग क्षेत्रातील अफिलिएट मोबदल्याच्या पद्धती समजून घेणे.
२) अभ्यागतांच्या प्रमुख स्रोतांची खर्च, हेतू, नियंत्रण आणि विश्वासार्हता या निकषांवर तुलना करणे.
३) स्रोताच्या निवडीचा सामान्य सदस्यावर होणारा परिणाम तपासणे.

अभ्यासाची पद्धत :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचनासाठी प्रसिद्ध झालेली माहिती, जाहिरात मंचांचे नियम आणि ग्राहक संरक्षण यंत्रणांनी केलेली कारवाई यांचा आधार घेतला आहे. आकडेमोडीचे उदाहरण काल्पनिक असून ते केवळ तत्त्व स्पष्ट करण्यासाठी योजले आहे.

मोबदल्याच्या पद्धती :
स्रोतांची तुलना करण्यापूर्वी मोबदला कशाचा मिळतो हे पाहणे आवश्यक आहे. या क्षेत्रात सर्वसाधारणपणे चार पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत अभ्यागताने ई-मेल पत्ता देऊन अर्ज भरला की मोबदला मिळतो. दुसऱ्या पद्धतीत त्याने आपल्या ई-मेलवर आलेल्या दुव्यावर जाऊन नोंदणीची खातरजमा केली तरच तो मिळतो. तिसऱ्या पद्धतीत सदस्याने वर्गणी भरल्यावर एकरकमी दलाली दिली जाते. चौथ्या पद्धतीत सदस्य जितका काळ वर्गणी भरील तितका काळ तिचा काही टक्के वाटा अफिलिएटला मिळत राहतो.

या चार पद्धती म्हणजे जोखमीच्या चार वाटण्या आहेत. पहिल्या पद्धतीत नोंदणीनंतरची सर्व जोखीम कंपनीकडे जाते. चौथ्या पद्धतीत ती बहुतांशी अफिलिएटकडे राहते. त्यामुळे पहिल्या पद्धतीचा दर सर्वांत कमी असतो आणि घटना जसजशी प्रत्यक्ष वर्गणीच्या जवळ जाते तसतसा तो वाढतो. अनेक योजनांमध्ये देश, वय आणि लिंग यांनुसारही दर भिन्न असतात. स्त्री व पुरुष सदस्यांचे प्रमाण असंतुलित झाले तर सेवाच निरुपयोगी होते, हे त्यामागील कारण होय.

प्रत्येक नोंदणी कोणत्या स्रोतातून आली हे ओळखण्यासाठी दुव्यात एक सांकेतिक क्रमांक जोडलेला असतो. या क्रमांकाच्या साहाय्याने कंपनी प्रत्येक स्रोताची गुणवत्ता स्वतंत्रपणे तपासते. बनावट, दुबार किंवा निर्धारित देशाबाहेरील नोंदण्या ती नाकारते. म्हणूनच अफिलिएटच्या पडद्यावर दिसणारी नोंदणी आणि त्याच्या हाती पडणारा पैसा यांत अंतर राहते.

प्रमुख स्रोतांची तुलना :

१) शोधयंत्रातील नैसर्गिक निकाल :
शोधयंत्रात स्वतःहून प्रश्न टाकणाऱ्या व्यक्तीचा हेतू स्पष्ट असतो. पन्नाशीनंतर जोडीदार शोधण्यासाठी कोणते संकेतस्थळ योग्य, असे विचारणारी व्यक्ती निर्णयाच्या अगदी जवळ आलेली असते. अशा प्रश्नांना उत्तरे देणारी परीक्षणे व तुलनात्मक लेख लिहून अफिलिएट हा अभ्यागत मिळवितो. त्याला प्रत्येक भेटीसाठी स्वतंत्र पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र लेखन, वेळ आणि प्रतीक्षा यांच्या रूपाने मोठी गुंतवणूक आधीच करावी लागते.

या स्रोताचे वैगुण्य म्हणजे त्याचे परावलंबित्व. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ आणि एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ हे बदल अमलात आणल्यावर सवंग मजकुरावर किंवा कृत्रिम दुव्यांवर उभी असलेली असंख्य संकेतस्थळे निकालांत मागे पडली. मोठ्या प्रकाशनांच्या नावलौकिकाचा आधार घेऊन त्यांच्या संकेतस्थळावर त्रयस्थांचा व्यापारी मजकूर छापण्याच्या प्रथेवरही गूगलने मे २०२४ पासून कारवाई सुरू केली. नैसर्गिक निकालांतील स्थान ही मालकीची जमीन नसून, जमीनदार केव्हाही अटी बदलू शकेल अशी कुळाची वहिवाट आहे.

२) शोधयंत्रातील सशुल्क जाहिराती :
क्लिकनुसार पैसे आकारण्याची पद्धत १९९८ मध्ये गोटू डॉट कॉमने व्यवहारात आणली आणि गूगलने २००० मध्ये अॅडवर्ड्स सेवा सुरू केली. येथेही हेतू स्पष्ट असतो. परंतु तोच हेतू विकत घेण्यासाठी अनेक जण एकाच वेळी बोली लावतात. परिणामी दर वाढतो आणि नफ्याचा वाव आक्रसतो. बड्या कंपन्या स्वतःही बोली लावीत असल्याने अफिलिएटला आपल्याच जाहिरातदाराशी स्पर्धा करावी लागते. म्हणून अनेक योजनांत कंपनीच्या नावावर बोली लावण्यास मनाई असते. डेटिंगची जाहिरात देण्यासाठी गूगलचे पूर्वप्रमाणन आवश्यक असते. केवळ दुसऱ्या संकेतस्थळाकडे पाठविण्यासाठी रचलेली पाने तेथे नाकारली जातात. छोट्या अफिलिएटला हे दार अरुंदच आहे.

३) समाजमाध्यमे :
समाजमाध्यमांवर व्यक्ती जोडीदार शोधण्यास आलेली नसते. ती मित्रांची खबरबात घेण्यास आलेली असते. मात्र तिचे वय, गाव, आवडी यांची माहिती मंचाकडे असते. येथे हेतूची उणीव ओळखीने भरून काढली जाते. जाहिरात योग्य वयोगटाला दाखविता येते, दर मध्यम राहतो आणि प्रयोगाला वाव मिळतो.

हीच ओळख धोकादायकही ठरते. सप्टेंबर २०१३ मध्ये फेसबुकवर डेटिंगच्या एका जाहिरातीत, त्याच वर्षी मृत्यू पावलेल्या कॅनडातील एका किशोरवयीन मुलीचे छायाचित्र वापरले गेल्याचे उघड झाले. आंतरजालावरून उचललेले छायाचित्र जाहिरातीत वापरण्याच्या प्रथेचे ते फलित होते. फेसबुकने क्षमायाचना करून ती जाहिरात काढून टाकली व संबंधित जाहिरातदारावर बंदी घातली. आकर्षक चेहरा दाखविला की क्लिक वाढतात, एवढाच हिशेब जाहिरात रचणाऱ्याने केला होता. तो चेहरा कोणाचा, हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच नव्हता. आज फेसबुकवर डेटिंग सेवेच्या जाहिरातीसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. शिवाय अॅपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर मागोवा घेण्यापूर्वी वापरकर्त्याची संमती विचारणे अनिवार्य केल्यापासून नोंदणीचे श्रेय नेमक्या जाहिरातीला देणे कठीण झाले आहे.

४) नेटिव्ह जाहिराती :
बातम्यांच्या संकेतस्थळावर लेखाच्या शेवटी ‘हेही वाचा’ अशा स्वरूपात दिसणाऱ्या जाहिराती या प्रकारात मोडतात. त्यांवरून आलेला अभ्यागत कुतूहलाने आलेला असतो. त्याला थेट नोंदणी अर्जाकडे नेल्यास तो परत फिरतो. मध्ये माहितीपर लेख असल्यास काही जण पुढे जातात. वयस्क वाचकांपर्यंत पोहोचण्यास हा मार्ग उपयुक्त आहे. मात्र लेख आणि जाहिरात यांतील सीमारेषा जितकी पुसट, तितके क्लिक अधिक, असा मोह येथे स्वाभाविकपणे उद्भवतो.

५) ई-मेल :
वाचकाने स्वतः संमती देऊन तयार झालेली ई-मेल यादी हा सर्वांत टिकाऊ स्रोत मानला जातो, कारण ती कोणत्याही मंचाच्या नियमबदलाने हिरावली जात नाही. उलटपक्षी विकत घेतलेल्या यादीवर पाठविलेले संदेश हे अनाहूत टपालच ठरते. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. त्यानुसार संदेश पाठविणाऱ्याबरोबरच ज्याच्या सेवेची जाहिरात होते त्या कंपनीवरही उत्तरदायित्व येऊ शकते. त्यामुळे अनेक कंपन्या अफिलिएटला ई-मेल वापरण्याची परवानगी स्वतंत्रपणे देतात किंवा देतच नाहीत.

६) पॉप-अंडर आणि पुश सूचना :
वाचत असलेल्या पानामागे नकळत उघडणारी खिडकी म्हणजे पॉप-अंडर. एकदा दिलेल्या अनुमतीच्या आधारे भ्रमणध्वनीवर वा संगणकावर येत राहणारे छोटे संदेश म्हणजे पुश सूचना. या दोन्ही स्रोतांत भेटीचा दर अत्यल्प आणि संख्या प्रचंड असते. हेतू मात्र जवळजवळ नसतो. क्रोम ब्राउझरमध्ये पुश सूचनांची सोय २०१५ मध्ये आली. तिचा अतिरेक झाल्यावर २०२० मध्ये अनुमती मागणारी चौकट कमी त्रासदायक करण्याचे उपाय योजले गेले. पुश सूचना अनेकदा खाजगी संदेशाचा आभास निर्माण करते. एखाद्या स्त्रीने आपल्याला निरोप पाठविला आहे असे समजून ती उघडणारी व्यक्ती प्रत्यक्षात जाहिरातीवर पोहोचते.

या मार्गाचा कायद्याशी संघर्ष नवा नाही. अॅडल्ट फ्रेंड फाइंडर ही सेवा चालविणाऱ्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली व डिसेंबर २००७ मध्ये त्यात तडजोड झाली. अशा मजकुराच्या शोधात नसलेल्या लोकांसमोर, त्यांत मुलेही आली, अश्लील पॉप-अप जाहिराती लादल्याचा आरोप कंपनीवर होता. या जाहिराती अफिलिएटांमार्फतही दाखविल्या जात होत्या. अफिलिएटने केलेली आगळीक कंपनीच्या दारी येऊ शकते, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

७) इतर डेटिंग संकेतस्थळे :
एक डेटिंग संकेतस्थळ दुसऱ्याचा स्रोत ठरू शकते. प्लेंटी ऑफ फिश ही सेवा सदस्यांना विनामूल्य असून तिचे उत्पन्न प्रारंभी मुख्यतः जाहिरातींतून येई. जोडीदार शोधत असलेल्या लोकांसमोरच दुसऱ्या डेटिंग सेवेची जाहिरात मांडता येत असल्याने हेतू आणि ओळख या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आढळत. मॅच समूहाने २०१५ मध्ये ही कंपनी ५७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. अशा स्रोतातील माहिती मात्र अत्यंत नाजूक असते. ग्राइंडर या सेवेने वैध संमतीविना सदस्यांची माहिती जाहिरातदारांना दिल्याबद्दल नॉर्वेच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये तिला ६ कोटी ५० लाख क्रोनर दंड ठोठावला.

काल्पनिक उदाहरणाद्वारे तुलना :
दोन स्रोतांतून प्रत्येकी १,००० भेटी मिळविल्या असे मानू. शोधयंत्रातील जाहिरातीचा दर प्रति भेट २० रुपये, म्हणजे एकूण खर्च २०,००० रुपये. त्यातून ८० नोंदण्या झाल्या, कंपनीने ७२ स्वीकारल्या आणि त्यांपैकी ९ जणांनी वर्गणी भरली. पॉप-अंडरचा दर प्रति भेट ८० पैसे, म्हणजे एकूण खर्च ८०० रुपये. त्यातून १० नोंदण्या झाल्या, ५ स्वीकारल्या गेल्या आणि वर्गणी कोणीच भरली नाही.

मोबदला प्रत्येक स्वीकृत नोंदणीस ३०० रुपये असल्यास शोधजाहिरातीतून २१,६०० रुपये मिळतात व नफा १,६०० रुपये, म्हणजे खर्चाच्या ८ टक्के होतो. पॉप-अंडरमधून १,५०० रुपये मिळतात व नफा ७०० रुपये, म्हणजे खर्चाच्या ८७.५ टक्के होतो. गुंतविलेल्या प्रत्येक रुपयामागे पॉप-अंडर कितीतरी श्रेष्ठ ठरते. आता मोबदला वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक सदस्यामागे २,५०० रुपये धरल्यास शोधजाहिरातीतून २२,५०० रुपये मिळून २,५०० रुपये नफा होतो. पॉप-अंडरमध्ये ८०० रुपयांचा निव्वळ तोटा होतो. स्रोत तेच, भेटी त्याच. केवळ मोबदल्याची घटना बदलल्याने क्रम उलटला.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, अमुक स्रोत उत्तम हे विधान मोबदल्याची पद्धत सांगितल्याशिवाय अपुरे आहे. दुसरी, नोंदणीवर आधारित मोबदल्यात पॉप-अंडरच्या ५ नोंदण्यांचे १,५०० रुपये कंपनीने दिले, परंतु तिला त्यातून काहीच मिळाले नाही. हा तोटा कंपनी फार काळ सोसत नाही. ती दर कमी करते, अधिक नोंदण्या नाकारते, किंवा त्या विनामूल्य सदस्यांकडून कोणत्याही उपायाने वर्गणी काढण्याच्या मागे लागते.

खोट्या नोंदणीचा भार कोणावर? :
यातील शेवटची शक्यता सर्वांत गंभीर आहे. विमा किंवा कर्ज यांसारख्या क्षेत्रात बनावट नोंदणी झाली तर नुकसान विक्रेत्याचे होते. इतर ग्राहकांना तिचा पत्ताही लागत नाही. डेटिंगमध्ये तसे नाही. येथे प्रत्येक सदस्य ग्राहक असतो आणि इतरांच्या दृष्टीने सेवेचा घटकही असतो. कुतूहलाने किंवा फसगतीने नोंद झालेला आणि पुन्हा कधीही न फिरकणारा सदस्य हे दुसऱ्या कोणाच्या तरी पत्राला न मिळणारे उत्तर असते. हेतुशून्य स्रोतातून भरलेले संकेतस्थळ म्हणजे बाहेरून गजबजलेली, आत मात्र निर्मनुष्य अशी वास्तू होय.

ही रिकामी जागा काही कंपन्यांनी बनावट व्यक्तिरेखांनी भरली. जेडीआय डेटिंग या इंग्लंडमधील कंपनीने विनामूल्य सदस्यांना काल्पनिक व्यक्तींच्या नावे संदेश पाठवून वर्गणी भरण्यास उद्युक्त केल्याचे प्रकरण २०१४ मध्ये ६,१६,१६५ डॉलरच्या तडजोडीने मिटले. अॅश्ली मॅडिसनविरुद्धच्या कारवाईतही बनावट स्त्री-व्यक्तिरेखांचा मुद्दा होता. डिसेंबर २०१६ मध्ये तिच्या चालकांनी १६ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. मॅच समूहाविरुद्ध २०१९ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात, फसव्या असल्याचा संशय असलेल्या खात्यांकडून आलेल्या संदेशांच्या सूचना विनामूल्य सदस्यांना पाठवून वर्गणी मिळविल्याचा आरोप होता. हा दावा ऑगस्ट २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरच्या तडजोडीने संपला.

या साखळीच्या शेवटी जी व्यक्ती उभी असते ती बहुधा एकाकी असते. प्रेमसंबंधाचा बहाणा करून झालेल्या फसवणुकीच्या सुमारे ७०,००० तक्रारी २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनकडे आल्या आणि त्यांत नोंदविलेले नुकसान १.३ अब्ज डॉलर होते. या सर्व घटनांना अफिलिएट जबाबदार आहेत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. यांतील बहुसंख्य संबंध समाजमाध्यमांवर व अन्यत्रही जुळतात. परंतु नोंदणी करणारी व्यक्ती खरी आहे की नाही याची पर्वा न करणारी मोबदल्याची रचना अशा फसवणुकीला पोषक भूमी तयार करते, हे नाकारता येत नाही.

भारतीय संदर्भ :
भारतात जोडीदार शोधण्याच्या ऑनलाईन सेवांचा आरंभ विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळांनी झाला. मुंबईस्थित शादी डॉट कॉम १९९६ मध्ये सुरू झाले. अशा संकेतस्थळांवर नोंदणी अनेकदा आई-वडील वा भावंडे करतात. त्यामुळे हेतू गंभीर असला तरी क्लिक करणारी व्यक्ती आणि उमेदवार वेगळे असू शकतात. केंद्र शासनाने जून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत विवाहविषयक संकेतस्थळांनी आपली सेवा केवळ विवाहासाठी असून डेटिंगसाठी नाही असे जाहीर करावे आणि वापरकर्त्यांची पडताळणी करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. पुढे २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना प्रतिबंध करणारी आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे आली. छुपी जाहिरात आणि वर्गणीचा सापळा यांचा दुसऱ्या तत्त्वांत स्पष्ट उल्लेख आहे. नेटिव्ह जाहिरात किंवा खाजगी निरोपाचे सोंग घेतलेली पुश सूचना वापरणाऱ्या भारतीय अफिलिएटने या तरतुदी नजरेआड करणे योग्य नाही.

निष्कर्ष :
१) शोधयंत्रातील अभ्यागताचा हेतू सर्वांत स्पष्ट असतो; नैसर्गिक निकालांत वेळ आणि सशुल्क जाहिरातीत पैसा अधिक लागतो.
२) समाजमाध्यमे ओळखीच्या आधारे आणि नेटिव्ह जाहिराती कुतूहलाच्या आधारे अभ्यागत मिळवितात, दोहोंतही सादरीकरणाचा प्रामाणिकपणा निर्णायक ठरतो.
३) संमतीने तयार झालेली ई-मेल यादी हा अफिलिएटच्या ताब्यातील सर्वांत स्थिर स्रोत आहे.
४) पॉप-अंडर व पुश सूचना नोंदणीवर आधारित मोबदल्यात किफायतशीर भासतात, वर्गणीवर आधारित मोबदल्यात त्यांची उपयुक्तता झपाट्याने घटते.
५) स्रोताचे खरे मूल्य प्रति भेट खर्चात नसून, आलेली व्यक्ती कोणत्या अपेक्षेने आली आणि ती अपेक्षा पुरी झाली का, यात आहे.

समारोप :
अफिलिएट मार्केटिंग हा मध्यस्थीचा व्यवसाय आहे आणि मध्यस्थाची पत हेच त्याचे भांडवल असते. स्थळ सुचविणाऱ्या मध्यस्थाकडे समाज पूर्वीपासून याच दृष्टीने पाहत आला; त्याने एकदा खोटी माहिती दिली तर त्याच्यासाठी पुढची दारे बंद होत. आंतरजालावरील मध्यस्थ अदृश्य असल्याने ही सामाजिक शिक्षा त्याला होत नाही. ती उणीव मोबदल्याच्या रचनेने, कंपनीच्या देखरेखीने आणि कायद्याने भरून काढावी लागते. कंपन्यांनी केवळ नोंदणीवर मोबदला न देता काही काळ सक्रिय राहिलेल्या, पडताळणी झालेल्या सदस्यावर तो दिल्यास अफिलिएटचे हित आणि सदस्याचे हित एकाच दिशेस येऊ शकेल.